घरच्या कॉम्प्युटरचा बॅकअप नेटवर्क ड्राइव्हवर घ्यायचाय, काय घेऊ?

सांगलीकर_७: बाबांनी वर्षभर बसून जुन्या निगेटिव्ह आणि आजोबांच्या दुकानाच्या वह्या स्कॅन केल्यात. ४०० जीबी, सगळं एकाच डिस्कवर. परवापासून ती डिस्क टकटक वाजतेय. विंडोज १० आहे. बजेट १२ हजार, त्यावर एक रुपया नाही.

रानमोगरा: सिनॉलॉजी कंपनीचा दोन डिस्कवाला नॅस (नेटवर्कला जोडायचा डिस्कचा डबा) घ्या. माझा २०१८ पासून अखंड चालू आहे. डिस्क धरून तीस हजारांत जाईल, पण एकदाच खर्च.

तात्या_ठाणे: +१. डिस्क आयर्नवुल्फ (खास नॅससाठी बनवलेली) घ्या, साधी नको.

कुंभार्ली: आधी ती वाजणारी डिस्क बंद करा! पुन्हा सुरू कराल तेव्हा सगळ्यात महत्त्वाचं तेवढं पहिल्यांदा बाहेर काढा. आणि रेड-१ (दोन्ही डिस्कवर एकाच वेळी तेच लिहिणं) म्हणजे बॅकअप नव्हे. भाच्याने नॅसवरचं लग्नाच्या फोटोंचं फोल्डर डिलीट केलं, त्याच क्षणी दोन्ही डिस्कवरून गेलं.

तात्या_ठाणे: म्हणून तर स्नॅपशॉट, म्हणजे फाइल्सची आधीची स्थिती जपणाऱ्या नोंदी, चालू ठेवायचे असतात.

कुंभार्ली: हे मला नॅस विकणाऱ्याने सांगायला हवं होतं. फोटो काही परत आले नाहीत.

निळीवायर: तेवढाच डेटा नॅसवर टाकायला मला दहा तास लागत होते. नेटवर्क केबलच्या आठ तारांपैकी चारच जोडलेल्या निघाल्या, म्हणून वेग १०० एमबीपीएसवर अडकलेला. नवी कॅट-६ केबल टाकली, सव्वा तासात काम झालं. पहिला बॅकअप वायफायवरून घेऊ नका.

रानमोगरा: केबलचं काय घेऊन बसलात, नॅस चांगला हवा.

पेणचा_गणू: विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आधी विंडोजऐवजी लिनक्स टाका.

अबोली: नॅस कॉम्प्युटरवर झेड ड्राइव्ह म्हणून कायम जोडलेला ठेवू नका. आमच्या ऑफिसात रॅन्समवेअर (फाइल्स लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरलं आणि बॅकअपच्या फाइल्सही लॉक झाल्या. बॅकअपला वेगळा युझर करा, त्याचा पासवर्ड रोजच्या अकाउंटात सेव्ह करू नका.

नवाच_आहे: वर कुणी सांगितलं नसेल तर, सिनॉलॉजी बघा.

सांगलीकर_७: सगळ्यांचे आभार. नॅस घेतला नाही. २ टीबीच्या दोन साध्या एक्स्टर्नल घेतल्या. एक घरी, कॉपी झाली की केबल काढून कपाटात. दुसरी ताईकडे कोल्हापूरला. कुंभार्ली, तुमचं ऐकून वह्या आधी काढल्या. तरी १७ फाइल्स उघडत नाहीत, त्यात १९६२ च्या उधारीचं पान आहे. बाबा म्हणाले, वही माळ्यावर आहे. आता शिडी आणायला गेलेत.