सरसाविना फळी: कोकणातील कारखान्यांना लिग्निन आणि एन्झाइमची अट घालावी का?

आडवाट (चिपळूण)

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत लाकडाच्या किंवा नारळाच्या तंतूंपासून फळ्या तयार करण्याचा कारखाना यापुढे जो कोणी उभारील, त्याने यूरिया-फॉर्माल्डिहाइड राळेच्या वाटेला जाऊ नये. झाडात मुळातच असलेले, त्याच्या पेशी एकमेकींना चिकटवून धरणारे लिग्निन आणि त्याला क्रियाशील करणारे एन्झाइम यांच्या बळावर, कृत्रिम सरस न घालता त्याने फळी करावी आणि शासनाने अनुदान द्यायचे ठरवल्यास तेही याच अटीवर द्यावे, असे माझे ठाम मत आहे.

त्याचे पहिले कारण आपल्या हवेत आहे. लाकडाचे तंतू दाबून केलेल्या, एमडीएफ म्हणून विकल्या जाणाऱ्या फळीत तंतूंच्या कोरड्या वजनाच्या साधारण १० टक्के राळ असते. ही राळ ओलावा आणि उष्णता यांमुळे हळूहळू विघटित होऊन फॉर्माल्डिहाइड वायू सोडत राहते, त्यामुळे पावसाळ्यात खिडक्या लावून घेतलेल्या दमट घरात कोरड्या प्रदेशातील घरापेक्षा तो अधिक सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये हा वायू माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातला. युरोपीय संघाने फर्निचरसाठी ऑगस्ट २०२६ पासून लागू होणारी मर्यादा घनमीटर हवेमागे ०.०६२ मिलिग्रॅम अशी ठरवली असून ती फळीतून सुटणाऱ्या या वायूसाठीच्या जुन्या युरोपीय ई-१ दर्जाच्या निम्मी आहे.

दुसरे कारण असे की, लाकडाला बाहेरून सरस आणण्याची गरज मुळात फार नाही. दोन पेशींच्या मधल्या थरात लिग्निन सर्वांत दाट असते. ढलप्या दाबाखालच्या वाफेत १७०-१८० अंशांपर्यंत तापवून फिरत्या पोलादी तबकड्यांमध्ये दळल्या की तंतू बहुतांशी त्याच मऊ झालेल्या थरातून सुटे होतात आणि प्रत्येक तंतूच्या अंगावर लिग्निनचा लेप राहतो. लॅकेज हे तांबे असलेले एन्झाइम पांढरी कुज आणणाऱ्या बुरशांपासून मिळते. ते हवेतील ऑक्सिजन वापरून या लेपातील फिनॉल गटांचे ऑक्सिडीकरण करते, त्यातून क्रियाशील मूलके, म्हणजे दुसऱ्याशी चटकन जोडले जाणारे रेणूंचे भाग, तयार होतात आणि गरम दाबयंत्रात एका तंतूवरची मूलके शेजारच्या तंतूवरच्या मूलकांशी रासायनिक बंधाने जोडली जातात. ऑक्सिजनचे यात फक्त पाणी होते आणि दाबयंत्राच्या उष्णतेने एन्झाइमही निकामी होते. डेन्मार्क आणि जर्मनीतील संशोधकांनी १९९० च्या दशकातच अशा फळ्या करून दाखवल्या आहेत.

कच्चा माल आपल्या दारात आहे: सॉ मिलचा भुसा, सावर्डे परिसरात कात काढल्यावर उरणाऱ्या खैराच्या उकळलेल्या ढलप्या आणि नारळाची सोडणे.

खाजणवाट (मालवण)

मी फर्निचरच्या व्यवसायात आहे आणि या अटीला माझा पूर्ण विरोध आहे. आपण हवेत काय सुटते याचा विचार केलात, परंतु फळीत काय शिरते याचा केला नाहीत. पावसाळ्यानंतर माझ्याकडे जी कामे दुरुस्तीला येतात त्यांत स्वयंपाकघरातील ट्रॉलीच्या खालच्या फळ्या सर्वांत जास्त असतात. लादी पुसताना पाणी लागून फळीची कड दुपटीने फुगलेली असते, वरचा लॅमिनेट सुटून वर आलेला असतो आणि बिजागरीचा स्क्रू बोटाने ओढला तरी भुशासकट बाहेर येतो. राळ आणि मेण घातलेल्या फळीची ही अवस्था आहे. एन्झाइमने जोडलेल्या फळ्यांबद्दल जे वाचायला मिळते त्यात कोरडी असताना ताकद पुरेशी, पण पाण्यात ठेवल्यावर फुगणे ही मोठी अडचण, हेच पुन्हा पुन्हा आढळते. गिऱ्हाइकाने दोन पावसाळ्यांनी फळी फेकून द्यायची आणि नवी घ्यायची, यात पर्यावरणाचे हित कोणते?

माझी मागणी साधी आहे. फॉर्माल्डिहाइड किती सुटावे याची कडक मर्यादा घाला आणि ती प्रत्यक्ष मोजा. ती मर्यादा कशी गाठायची, हे कारखानदाराला ठरवू द्या.

विरजण (रत्नागिरी)

खाजणवाट यांच्या मागणीशी मी सहमत आहे, आणि रसायनशास्त्र शिकवणारा म्हणून मूळ मांडणीतील काही दुवे तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

लॅकेज लिग्निनमधील मोकळ्या फिनॉल गटांवरच थेट काम करते, आणि लाकडातील लिग्निनमध्ये असे गट कमी असतात. बाकीच्या भागापर्यंत पोहोचण्यासाठी मध्यस्थ रसायने लागतात, जी महागही असतात आणि कृत्रिमही. एन्झाइमचा रेणू तंतूच्या भिंतीत शिरण्याइतका लहान नसतो, त्यामुळे सारा व्यवहार पृष्ठभागावरच होतो. शिवाय त्याला ओलावा आणि वेळ दोन्ही लागतात: तंतू ओले करून ठेवायचे, नंतर ते पाणी उष्णता खर्चून घालवायचे आणि दाबयंत्रातही फळी अधिक वेळ ठेवायची. यूरिया राळ तेथे जाडीच्या मिलिमीटरमागे काही सेकंदांत पक्की होते. कारखान्याचे अर्थकारण याच फरकावर अवलंबून असते.

सॉ मिलच्या भुशाविषयी तर मला स्पष्टच सांगितले पाहिजे. करवत तंतूंना आडवे तोडते. लिग्निनचा लेप ल्यालेला लांब तंतू भुशातून मिळत नाही, त्यासाठी ढलप्याच लागतात. भुशाचा पार्टिकल बोर्ड होईल, पण आडवाट यांनी वर्णन केलेली प्रक्रिया त्याला लागू पडणार नाही.

केवळ उष्णता आणि दाब यांवर लिग्निनने फळी बांधण्याची कल्पनाही जुनी आहे. विल्यम मेसन यांनी १९२४ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात ढलप्या उच्च दाबाच्या वाफेत ठेवून, दाब एकाएकी सोडून त्यांचे तंतू केले, आणि त्यातून कठीण फळीचा मोठा उद्योग उभा राहिला. तंतू पाण्यात कालवून फळी करण्याची ती ओली पद्धत मागे पडण्याचे एक मोठे कारण तिचे सांडपाणी होते, ज्यात लाकडातील विरघळलेल्या शर्करा आणि इतर द्रव्ये असत. खाडीकाठच्या मच्छीमारांना सांडपाण्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

मधला मार्गही आहे. ओरेगन राज्य विद्यापीठातील काइचांग ली यांनी, शिनाणी हे शिंपले खडकाला ज्या प्रथिनांनी धरून राहतात त्यांच्यावरून सुचलेला सोयाबीनचा सरस तयार केला आणि त्यापासून अमेरिकेत फॉर्माल्डिहाइड न घातलेले प्लायवूड बाजारात आले. त्यात जोडीला एक कृत्रिम राळ असते. आडवाट यांच्या अटीप्रमाणे ते बाद ठरेल. सरस नको हा हट्ट आणि विषारी वायू नको हे उद्दिष्ट, यांतील दुसरेच मला महत्त्वाचे वाटते.

आईनकिंजळ (दोडामार्ग)

मला वेगळीच भीती वाटते. फळीला "नैसर्गिक" असा शिक्का बसला की ती करण्यासाठी किती झाडे गेली हे कोणी विचारत नाही. खाजगी रानातले आईन, किंजळ, जांभूळ आजही ट्रक भरून जळाऊ म्हणून घाटावर जाते. तंतूंचा कारखाना बारा महिने चालावा लागतो. भुसा आणि सोडणे संपली की तो रानाकडे वळणारच. अट घालायचीच असेल तर सरसाच्या आधी कच्च्या मालाची घाला. उभे झाड कारखान्यात येता कामा नये. अपवाद फक्त लागवडीच्या रबराचा, आणि तोही चीक आटल्यावर तोडलेल्या झाडांचा.

आडवाट (चिपळूण)

आईनकिंजळ यांची अट मला पूर्ण मान्य आहे आणि ती पहिल्या क्रमांकावर असावी. भुशाविषयी विरजण यांचे म्हणणेही बरोबर आहे, म्हणून मी भर सोडणांवर देतो.

नेदरलँड्समधील वाखेनिंगन येथील संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात संपूर्ण सोडण, म्हणजे काथ्या आणि त्यातील भुगा दोन्ही, दळून कोणताही सरस न घालता गरम दाबाखाली घन, कठीण फळ्या केल्या. सोडणात लिग्निन भरपूर असते आणि उष्णतेने तेच बांधणीचे काम करते. तंतू पाण्यात कालवण्याची ओली पद्धत येथे लागत नाही, त्यामुळे सांडपाण्याचा मुख्य आक्षेप या मार्गाला लागू होत नाही. एन्झाइमचा उपयोग मी याच्या पुढच्या टप्प्यावर पाहतो. कात गोठवून वेगळा केल्यावर मागे टॅनिन या तुरट द्रव्याने युक्त असा अर्क उरतो. टॅनिन हेही फिनॉलच असल्यामुळे लॅकेज त्यावर काम करू शकते. असा अर्क थोडा मिसळून बांधणी सुधारते का, याची तपासणी दापोलीच्या कृषी विद्यापीठाने हाती घ्यावी असे मला मनापासून वाटते.

"हवेतील वायूची मर्यादा मोजा, मार्ग मोकळा ठेवा" हे ऐकायला न्याय्य आहे. पण गावातला सुतार एमडीएफ कापताना उडणारी धूळ नाकातोंडात घेतो, ती कोणत्या तपासणी कक्षात मोजली जाते? त्याच्यासाठी मुळात राळ नसणे हाच खरा बचाव आहे.

आणि पाण्याचा प्रश्न सुटेपर्यंत ही फळी ट्रॉलीत घालावीच कशाला? आंब्याच्या पेटीपासून सुरुवात करा. पेटी मार्चमध्ये भरायला लागते आणि पाऊस येईपर्यंत तिचे काम संपलेले असते. फळाशेजारी राळ येत नाही आणि रिकामी पेटी बंबात जाळली तरी घातलेल्या राळेचा विषारी धूर निघत नाही.

खाजणवाट (मालवण)

पेटीची कल्पना विचार करण्याजोगी आहे, म्हणून तिच्याच आधारे विचारतो. बागायतदार लाकडी पेटी सोडून पुठ्ठ्याच्या खोक्याकडे वळले ते वजन आणि भाडे यांमुळे. सोडणाची दाबलेली फळी लाकडापेक्षा जड होते, आणि वाशीच्या बाजारापर्यंतचे भाडे बागायतदाराच्या खिशातून जाते. पेटीची बाजू तीन-चार मिलिमीटरइतकी पातळ ठेवून तिच्यात खिळा न चिरता बसतो आणि चार थर रचले तरी खालची पेटी दबत नाही, एवढे दाखवा. तसे झाले तर पेटीपुरती आपली अट मी मान्य करीन. घरातल्या फर्निचरसाठी मात्र माझा विरोध कायम आहे. कड चोवीस तास पाण्यात बुडवून, वाळवून, पुन्हा स्क्रू धरतो की नाही हे पाहिल्याशिवाय मी कोणतीही फळी गिऱ्हाइकाच्या घरात बसवणार नाही.