मदत हवी आहे: उतारावर गाडी न्यूट्रल करायची सवय कशी सोडवायची?

माझा धाकटा भाऊ लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो. गाडीवर हात छान बसलाय, पण उतार लागला की डिझेल वाचवायला सरळ न्यूट्रल करतो. मध्यंतरी मी त्याच्या शेजारी बसलो होतो. मागे पूर्ण लोड, काटा सरसर वर चढतोय, पाय ब्रेकवरून निघत नाही आणि खाली पोचेपर्यंत केबिनभर लायनर जळल्याचा वास. पोटात गोळाच आला.

गिअरमध्ये इंजिनही गाडी आवरतं. न्यूट्रलला सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि ऐन वेळी ब्रेक लागत नाही. शिवाय नव्या गाड्यांत गिअर तसाच ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की डिझेलचा पुरवठा थांबतो, न्यूट्रलला मात्र डिझेल जळतच राहतं. मग बचत कसली? हे सांगितलं तर म्हणतो, "सगळेच असं चालवतात." मालकाने डिझेलचा हिशेब इतका आवळलाय की मी एकट्या भावाला दोष देणार नाही.

इथे कुणी जुने ड्रायव्हर असतील तर सांगा, तुमची ही सवय कशी सुटली? मालकाशी मी बोलावं का, की त्यामुळे भावाचीच नोकरी जाईल? तो शनिवारी पुन्हा निघतोय, त्याआधी कळवलंत तर फार बरं होईल.