फोर-लोच्या पहिल्या गिअरला गाडी बेडकासारखी उड्या मारते. दोष पायाचा की गाडीचा?

खडबडीत

नमस्कार मंडळी. मामांची जुनी डिझेल फोर बाय फोर दोन महिन्यांपूर्वी माझ्याकडे आली. पाच गिअर, मॅन्युअल, टर्बो. एक्सलरेटरला केबल नाही, इलेक्ट्रॉनिक पेडल आहे.

हाय रेंजमध्ये, म्हणजे रोजच्या रस्त्याच्या रेंजमध्ये, गाडी लोण्यासारखी चालते. पण फोर-लो, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी हळू रेंज, टाकून पहिल्या गिअरला दगडगोट्यांच्या वाटेवर घेतली की तमाशा सुरू. पहिल्या दगडावर नीट चढते, चाक पलीकडे खाली आलं की ढक, ढक, ढक. इंजिन व्हूं-व्हूं करतं, माझी मान पुढेमागे, आणि शेजारी मामा दोन्ही हातांनी कडी धरून. रेस कमी करायला जाते तर आणखी मोठा गचका बसतो. क्लच दाबला की थांबतं, म्हणून मी सारखी क्लच दाबत राहते. परवा जळका वास सुटला तेव्हा मामा दार उघडून खाली उतरले, "तू ये, मी वर भेटतो" म्हणाले आणि चालायला लागले. माझ्या आधी पोचले.

पेडलचा सेन्सर गेला असेल का? एकाने पेडल मऊ करणारी इलेक्ट्रॉनिक डबी बसवायला सांगितलंय. ती घेऊ का?

हबलॉक

पहिला गिअर विसरा. फोर-लो, दुसरा गिअर. पहिला फक्त खड्या उतारासाठी आणि अगदी पायऱ्यांसारख्या दगडांसाठी. बाकी आडवा_दगड काका सांगतीलच.

आडवा_दगड

सांगतो, बोलावलंच आहे तर.

ताई, सेन्सर, डबी वगैरे नंतर. आधी एक चाचणी करा. पुढच्या वेळी ढकढक सुरू झाली की क्लच दाबू नका, ब्रेक दाबू नका. उजवा पाय एक्सलरेटरवरून पूर्ण उचला आणि मागे घ्या. एक जोराचा हिसका बसेल, तो बसू द्या. त्यानंतर दोन-तीन मीटरांत गाडी मुंगीच्या चालीने शांत चालू लागली तर दोष पायाचा. पाय काढूनही ढकढक चालूच राहिली तर गाडीचा. ही चाचणी सपाट, मातीच्या जागेवर सरळ जाताना करा. टणक रस्त्यावर आणि वळणात नको, तिथे फोर-लोमध्ये पुढच्या-मागच्या चाकांची आपसात ओढाताण होते आणि निदान चुकतं.

माझी पैज पायावर आहे. यात कमीपणा काही नाही, मीही पहिलं वर्ष असंच काढलं. होतं काय, की चाक खाली पडतं तेव्हा अंग पुढे जातं आणि अंगाबरोबर पाय. पेडल दोन-तीन मिलिमीटर दबतं. गाडी झेपावते, आपण सीटमध्ये मागे आदळतो, पाय मागे येतो, पेडल सुटतं. गाडी नाक टेकवते, आपण परत पुढे. गाडी आपल्याला हलवते आणि आपण गाडीला. झोपाळ्यावर बसून दर झोक्याला आपणच जमिनीला पाय मारायचा आणि हा थांबत का नाही म्हणून विचारायचं, असा प्रकार. क्लच दाबल्यावर थांबतं कारण ही साखळी तिथे तुटते.

हाय रेंजमध्ये हे का होत नाही? जुन्या पाच गिअरच्या लँड रोव्हर डिफेंडरचे आकडे मला पाठ आहेत, तेच घेऊ. पहिला गिअर ३.६९, डिफरन्शियल (एक्सलमधले, दोन चाकांत जोर वाटणारे गिअर) ३.५४. ट्रान्सफर केस (हाय-लो बदलणारा गिअरचा डबा) हायमध्ये १.४१, लोमध्ये ३.३२. गुणाकार करा: हायमध्ये साधारण १८, लोमध्ये ४३. म्हणजे चाक एकदा फिरायला इंजिन ४३ वेळा फिरतं, आणि इंजिनाचा जोर घर्षणात जाईल तेवढा सोडून ४३ पट होऊन चाकाला पोचतो. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील, जात तीच. हायमध्ये जी पायाची थरथर कळतसुद्धा नाही, ती इथे गचका होऊन येते.

आणि लोक विसरतात ते हे, की सोडतानाही तेच ४३ पट. इंजिन ब्रेकिंगही तेवढंच वाढतं. तुम्ही लिहिलंय ना, रेस कमी करायला गेलं की मोठा गचका? घाबरून पाय झटकन वर येतो आणि गाडीला आतून कुणीतरी दोरी ओढल्यासारखं होतं. मी नवख्यांना दाबायला शिकवत नाही, दाबता सगळ्यांना येतं. सोडायला शिकवतो. दाबायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ सोडायला घ्यायचा.

आता पाय कसा ठेवायचा. सीट एक खाच पुढे घ्या, पाठ पूर्ण टेकलेली हवी. उजवी टाच जमिनीवर रोवायची आणि पुन्हा उचलायची नाही. पावलाची कड पेडलशेजारच्या पत्र्याला टेकवा. त्याचा आधार मिळाला की अंग हललं तरी पाऊल हलत नाही. दाबायचं ते मांडीने नाही, पायाच्या अंगठ्याने, बूट काढताना आतल्या आत बोटं हलवतो तेवढंच. डावा पाय क्लचवर तरंगत ठेवू नका, बाजूला टेकवा. स्टिअरिंगला लोंबकळू नका.

खरं तर बऱ्याच ठिकाणी पाय लागतच नाही. डिझेल इंजिनाचा गव्हर्नर (फेरे सांभाळणारी यंत्रणा) स्लोवर, म्हणजे पेडलवर पाय नसताना, फेरे पडू देत नाही. चढ आला, फेरे घसरायला लागले की तो स्वतःच डिझेल वाढवतो. त्या डिफेंडरमध्ये मिनिटाला ७५० फेऱ्यांवर लोचा पहिला गिअर ताशी अडीच किलोमीटरच्या आसपास जातो, माणसाच्या रमतगमत चालीपेक्षाही हळू. दुसऱ्यात ताशी चारच्या थोडं वर आणि गुणाकार ४३ वरून २५ वर येतो. हबलॉक दुसरा टाका म्हणतात त्याचं कारण हे. गचका जवळजवळ निम्मा होतो.

माझं शिक्षण ट्रॅक्टरवर झालं, म्हणून मला गाडीचं पेडल सुरुवातीला कळेना. ट्रॅक्टरचा हात-लिव्हर फेरे ठरवतो. १२०० वर ठेवला की चढ असो, दगड असो, गव्हर्नर डिझेल कमीजास्त करून ते फेरे धरून ठेवतो. बहुतेक गाड्यांत तसं नाही, तिथे पाय डिझेल मागतो आणि फेरे किती होतील ते ओझ्यावर. चाक दगडाला अडलं की फेरे पडतात, माथ्यावर आलं की तेवढ्याच रेसवर गाडी सुसाट निघते. म्हणून चाक दगडाला टेकायच्या जरासं आधी रेस वाढवायची आणि चाक माथ्यावर येतंय असं वाटताच, यायच्या आधीच, सोडायला सुरुवात करायची. पलीकडे चाक धाडकन पडू नये म्हणून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श. लोमध्ये इंजिन एवढ्याने बंद पडत नाही. सपाट जागेवर आधी सराव करा, डाव्या पायाला क्लचची सवय असल्याने तो पहिल्यांदा ब्रेक कचकन दाबतो. सीटबेल्ट लावून ठेवा, एवढंच सांगतो.

हाफ क्लच (क्लच अर्धवट दाबून धरणं) मात्र आजपासून बंद. तो वास कशाचा होता ते तुम्हाला कळलंच आहे.

पाना_सतरा

काकांच्या चाचणीत पाय निर्दोष सुटला तर माझ्याकडे या.

सेन्सर लगेच बदलू नका. इलेक्ट्रॉनिक पेडलमध्ये साधारणपणे दोन वेगवेगळे सिग्नल असतात आणि संगणक ते एकमेकांशी ताडून बघतो. जुळले नाहीत तर दिवा लागतो, गाडी ओढत नाही. तरी शंका असेल तर स्कॅनर लावा, इग्निशन चालू, इंजिन बंद, आणि पेडल गोगलगायीसारखं खाली न्या. टक्केवारी सरळ चढली पाहिजे. मध्येच उडी मारली किंवा मागे आली तर पेडल खराब.

मला जास्त शंका प्लेची, म्हणजे सांध्यांतल्या ढिलाईची. जुन्या गाडीत गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, क्रॉस (शाफ्टचे सांधे), स्प्लाइन (खाचांचे जोड), डिफरन्शियल, सगळ्यांत थोडा थोडा प्ले असतो आणि त्याची बेरीज होते. रेस दिली की हे सगळे दात एका बाजूला टेकतात, सोडली की दुसऱ्या बाजूला. तो 'टक्' आवाज येतो ना, तो. सपाटावर चारही चाकांना पुढून-मागून दगड लावा, इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, आणि खाली जाऊन प्रोपेलर शाफ्ट (एक्सलकडे जोर नेणारा दांडा) हाताने दोन्हीकडे फिरवा. थोडा हलणारच. पण क्रॉसच्या एका बाजूला बोट ठेवून दुसरी बाजू वेगळी हलताना जाणवली तर क्रॉस गेला. इंजिनाचं फाउंडेशन, म्हणजे ते ज्या रबरांवर बसतं ते, पण बघा. रबर फाटलं असेल तर रेस दिल्यावर आधी इंजिन उठतं आणि मग गाडी निघते.

रुतलेला

मी ती डबी बसवलीये. मला तरी फायदा झाला. पेडलचा पहिला भाग मऊ होतो, पाय हलला तरी गाडी लगेच उसळत नाही. काका जुन्या वळणाचे आहेत, त्यांना चालणार नाही हे माहीत आहे.

आडवा_दगड

चालतं की. कल्पना कंपन्यांचीच आहे. लँड रोव्हरने २००४ मध्ये डिस्कव्हरी ३ बरोबर टेरेन रिस्पॉन्स आणलं, त्यात गवत, बर्फ, खडक असं निवडलं की पेडल मऊ होतं आणि वाळू निवडली की उलट तिखट होतं. तुमची डबी त्यातलं एकच काम करते. मऊ ठेवून वाळूत गेलात की हवी तेव्हा ताकद मिळत नाही, आणि मग तुमचं टोपणनाव सार्थ होतं. ताईंनी आधी पाय बसवावा. मग डबी घेतली तर घेतली.

खडबडीत

करून आले. पाय उचलला, हिसका असा बसला की डॅशबोर्डवरचा मोबाईल मामांच्या मांडीवर. आणि मग एकदम शांत! गाडी आपली आपण टुकटुक चालली. मी आणि मामा दोघंही काही बोललो नाही, ऐकत बसलो. म्हणजे पायच.

मग दुसऱ्या गिअरला तोच दगडांचा टप्पा चार वेळा केला. पावलाची कड टेकवल्यावर खूप फरक पडला. जाड तळव्याचे बूट काढून साधे पातळ घातले, त्याने पेडल कुठे आहे ते कळायला लागलं. डाव्या पायाच्या ब्रेकने पहिल्यांदा नाक काचेला लागायचं बाकी होतं. काका, तुम्ही सांगितलं होतं तरी. पाना_सतरा, शाफ्ट हलवून बघितला, टक् होतं पण क्रॉस घट्ट आहेत.

एक राहिलंय. चढावर रेस हळूहळू वाढवताना १८०० च्या पुढे गाडी अचानक उसळते. पाय हललेला नसतो, नक्की.

पाना_सतरा

टर्बो. त्या फेऱ्यांना तो इंजिनात जास्त हवा कोंबू लागतो आणि जोर एकदम वाढतो. दगडांत १५०० च्या खाली राहा. तिथे दम कमी पडत असेल तरच पहिला गिअर, फेरे वाढवून दुसऱ्यात ओढू नका.

खडबडीत

आज १५०० च्या खाली ठेवून गेले. मामा वरपर्यंत गाडीत बसून आले. उतरल्यावर वाकून माझ्या पायाखाली बघितलं आणि म्हणाले, "ती रबराची मॅट टाचेखाली सरकते, काढ." काढली. दोन महिने शेजारी बसून बघत होते, आज सांगितलं.

आडवा_दगड

मॅटचं मला सुचलं नाही. मामांना इथे खातं उघडून द्या.