स्कॉटिश कवयित्री जॅकी केच्या पहिल्या कवितासंग्रहातली जवळीक आणि दुरावा, कसं वाचता तुम्ही?

दादरकर_वाचक: सध्या विरार लोकलमध्ये रोज दोन-तीन पानं 'द अडॉप्शन पेपर्स' वाचतोय, १९९१ चा पहिला संग्रह. दत्तक मुलगी, वाढवणारी आई, जन्म देणारी आई, तिघी अगदी कानाशी बोलल्यासारख्या बोलतात पण जन्म देणारी शेवटपर्यंत लांबच वाटते. हे मुद्दाम आहे की मीच नीट वाचत नाहीये?

रेघोट्या: मुद्दामच रे. तिघींचे टाइपफेस वेगळे आहेत बघ. ओळी एकाच पानावर खेटून, पण आवाज मिसळत नाहीत. के स्वतः दत्तक, १९६१ ला एडिनबरात जन्म, वाढली ग्लासगोकडे, जन्मदाते वडील नायजेरियन.

मालवणी_मुलुंड: मोठ्याने वाच! वाढवणाऱ्या आईच्या तोंडी स्कॉट्स बोली आहे, छापील इंग्रजी नाही, जवळीक तिथेच आहे. सोशल वर्कर घर बघायला येणार म्हणून ती मार्क्स, एंगेल्स, लेनिनची कम्युनिस्ट पुस्तकं टॉवेलच्या कपाटात लपवते, येणारी बाई टॉवेल थोडीच तपासणारे. पाहुणे आले की माझी आईपण सगळा पसारा पलंगाखाली सरकवायची, पण इथे मूल मिळावं म्हणून ही बाई स्वतःचंच घर परक्यासारखं करून ठेवते, मला तिथे रडूच आलं.

दादरकर_वाचक: टाइपफेसकडे लक्षच गेलं नव्हतं. उद्या बोरिवलीपासून परत पहिलं पान, आणि घरी आल्यावर मोठ्याने.