मुलं शाळेतून ‘गळतात’ की ‘गाळली जातात’?

प्रश्न (अंबाजोगाई)
मी समाजशास्त्र शिकवते. ‘शिक्षणातील विषमता’ या घटकात ‘गळतीचे प्रमाण’, ‘मुलींची गळती’ असे शब्द सारखे येतात. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरचं कुणी ना कुणी ऊसतोडीला जातं. त्यांच्यासमोर त्यांच्याच बहिणीबद्दल ‘गळती’ म्हणताना जीभ अडते. याला दुसरा शब्द आहे का? ‘शाळा सोडलेली मुले’ चालेल का?

उत्तर (नांदेड)
ताई, ‘शाळा सोडलेली’ नको. शाळा सोडल्याचा दाखला दहावी पास होऊन कॉलेजात जाणाऱ्यालाही मिळतो. शिवाय ‘सोडणे’ म्हटलं की त्यात मुलाची मर्जी येते. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत ‘गळती व स्थगिती’ अशी जोडी असते. ती ब्रिटिश काळातल्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हार्टोग समितीच्या १९२९ च्या अहवालापर्यंत मागे जाते. प्राथमिक शिक्षण पुरं व्हायच्या आत मूल निघून जाणं आणि एकाच इयत्तेत अडकून पडणं, हे दोन प्रश्न समितीने वेगळे मांडले. पहिल्यासाठी इंग्रजीत वापरलेल्या शब्दाचा अर्थ ‘वाया जाणे’ असा होता, म्हणजे हिशेब सरकारी खर्चाचा होता. ‘शाळाबाह्य’ हा शब्द मोजणीपुरता बरा आहे, पण त्यात कधीच नाव न घातलेलं मूल आणि मधूनच थांबलेलं मूल एकत्र होतात.

उत्तर (केज)
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. ‘गळती’ आमच्या कागदावर असते, गावात कुणी म्हणत नाही. लोक म्हणतात, ‘कारखान्याला गेली’, ‘शाळेतून काढून घेतली’, ‘नाव कमी झालं’, ‘शाळा सुटली’.

दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ती नवरा-बायकोच्या जोडीवर. त्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. मागं सांभाळायला म्हातारं माणूस नसलं की लेकरूही सोबत जातं. तिकडं कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, धाकट्याला सांभाळायचं, पाणी भरायचं, वाढं (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करायचं. परत येईपर्यंत दुसरं सत्र गेलेलं असतं. पटावर नाव असतं, हजेरी नसते. पुढच्या वर्षी ते लेकरू मागच्या बाकावर जातं, त्याच्या पुढच्या वर्षी येतच नाही. हंगामी वसतिगृहामुळं काही लेकरं टिकतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण मुलगी सहावी-सातवीत गेली की ‘हिला मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची’ म्हणून लग्न उरकतात, आणि लग्न झालं की एक नवा कोयता तयार होतो. याला ‘गळती’ म्हणायला मला लाज वाटते.

उत्तर (लातूर)
व्याकरणाकडून बघू. ‘गळणे’ अकर्मक आहे. पान गळतं, छप्पर गळतं, कुणी केलं हा प्रश्नच उठत नाही. त्याचं सकर्मक रूप ‘गाळणे’. यादीतून नाव गाळणे, ‘गाळलेल्या जागा भरा’. इथं गाळणारा असतो.

समाजशास्त्रातला वाद जवळजवळ याच दोन रूपांमधला आहे. १९४५ मध्ये डेव्हिस आणि मूर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी मांडलं की समाजाला महत्त्वाच्या जागांसाठी लायक माणसं निवडावी लागतात, आणि त्यासाठी मोबदल्यात फरक लागतो. या नजरेनं शाळा म्हणजे गाळणी, आणि गाळणं रास्त. बोल्स आणि गिंटिस या अमेरिकन अर्थतज्ज्ञांनी १९७६ मध्ये उलट बाजू घेतली: शाळेतली शिस्त आणि उतरंड कामाच्या जागेतल्या उतरंडीशी जुळते, मजुराच्या मुलाला मजुरीचीच सवय लावते. बोर्द्यू आणि पासरों या फ्रेंच समाजशास्त्रज्ञांचं १९७० चं विवेचन मला आपल्याकडं सर्वांत लागू वाटतं. घरात मिळालेली भाषा, वाचन, वागण्याची रीत हे ‘सांस्कृतिक भांडवल’. शाळा त्याला हुशारी समजते आणि त्यावर गुण देते. आपलं पोर ‘मी लिहायलोय सर’ म्हणतं, पुस्तकात ‘लिहीत आहे’ असतं. पोर चूक ठरतं, घर ठरत नाही, आणि मग ते स्वतःच म्हणतं, ‘आपल्याला नाही जमत शिकायला.’ कुणी हाकललं नाही, तरी गाळलं गेलं.

आमच्या गावातही हेच दिसतं. नीटच्या शिकवणीसाठी आजूबाजूच्या जिल्ह्यांतून मुलं येतात, खोली करतात, मेस लावतात. ती मेहनत खरी असते, पण शिकवणीची फी आणि खोलीचं भाडं ज्याला परवडलं त्याचीच मेहनत निकालात दिसते.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)
नुसत्या आर्थिक वर्गावर थांबू नका. टोळीत कोण जातं, हे जमीन, पाणी आणि जात मिळून ठरवतात. बाबासाहेबांनी १९१६ मध्येच जातीला ‘बंदिस्त वर्ग’ म्हटलं होतं. इथं निजामाच्या राज्यात वरचं शिक्षण उर्दूतून होतं, मराठी घरातल्या गरीब मुलाला ते दुहेरी लांब. १९५० मध्ये बाबासाहेबांच्याच पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं मिलिंद महाविद्यालय सुरू झालं, तेव्हा गावाकडच्या पोरांना राहायची सोय मिळाली. माझे वडील त्या वसतिगृहामुळं शिकले. पोरात दोष नव्हता, सोय नव्हती.

प्रश्नकर्ती (अंबाजोगाई)
सर्वांचे आभार. मी असं ठरवते: टक्केवारी सांगताना ‘गळतीचे प्रमाण’ राहू दे, कारण जुन्या आकड्यांशी तुलना करायची तर तोच शब्द लागतो. माणसाबद्दल बोलताना ‘शाळा सुटलेली मुलगी’. आणि कारणांची चर्चा असेल तिथं सरळ ‘गाळली गेलेली’.

उत्तर (केज)
‘सुटलेली’ चालेल ताई. फक्त रोजची शाळा सुटते तोही शब्द हाच, म्हणून कारण जोडून लिहा: ‘ऊसतोडीमुळं शाळा सुटलेली’, ‘लग्नामुळं शाळा सुटलेली’. आमच्या हजेरीपटात शेरा लिहायला जागा असते, तिथं मी आता असंच लिहितो. ‘सतत गैरहजर’ लिहीत नाही.