डिकीचे शॉकर: जोडीनेच बदला

तुमच्या एसयूव्हीची डिकी वर टिकत नाही म्हणून एकाच बाजूचा शॉकर (दार वर धरून ठेवणारा गॅसचा दांडा) बदलायचं म्हणताय. तसं नका करू हो. एक थकलेला, एक ताठ, मग दार पिळवटतं. जोडीच घ्या आणि जुन्याच्या नळीवर छापलेला न्यूटनचा (म्हणजे ताकदीचा) आकडा जुळवा. नुसती लांबी बघून जास्त ताकदीचा आणलात तर डिकी बंद करायला लोंबकळावं लागेल.

मी घोडबंदर रोडला सोसायटीच्या पार्किंगमध्येच बदलले. काम अर्ध्या तासाचं, पण दार धरायला माणूस हवाच. मी शहाणपणा करून पोछ्याचा दांडा टेकवला, तो सटकला आणि दार थेट खांद्यावर. मग मुलाला हाक मारली. टोकाच्या वाटीला तारेची क्लिप असते, ती बारीक स्क्रूड्रायव्हरने जराशीच उचला, पूर्ण काढलीत तर उडते (माझी गटाराच्या जाळीत गेली). मग शॉकर वाटीत बसलेल्या बॉलवरून ओढला की निघतो. नवा लावताना डिकी बंद असेल तेव्हा चकचकीत दांडी खाली यायला हवी, म्हणजे आतलं तेल सीलपाशी राहतं. ‘टक्’ वाजलं की बसला.

जुने भंगारात देताना मात्र कापू नका, आत दाबाखाली नायट्रोजन असतो.