काळ्या शेळ्यांची छायाचित्रे छपाईसाठी कशी काढावीत? मदत हवी आहे

गोराईतील आमच्या वाडीवरील शेळ्यांच्या छायाचित्रांची दिनदर्शिका छापून, तिच्या विक्रीची रक्कम भटक्या जनावरांच्या औषधोपचारासाठी देण्याचे ठरले आहे. परंतु बहुतेक शेळ्या काळ्याभोर असल्याने गोठ्यातील मंद उजेडात त्यांचे डोळे आणि केस वेगळे दिसतच नाहीत. ५० मिमी एफ/१.८ लेन्सवर आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ३२०० आणि शटरचा वेग १/२५० सेकंद ठेवला असता चित्र दाणेदार येते, तर १/६० वर हलते, कारण शेळी मान स्थिर ठेवण्याची विनंती मानत नाही. दोघी गाभण असल्याने फ्लॅश वापरायचा नाही. नवी खरेदीही शक्य नाही. छपाई ए४ आकारात, ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) होईल. सकाळी गोठ्याच्या दारात पांढरी चादर धरून उजेड परतवावा आणि एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश) वाढवावे, की रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) टिपून सावल्या नंतर उजळाव्यात?